गावातली बुद्धिबळाची किताबी लढत कशी भरवावी: विजेता, आव्हानवीर आणि आठ डाव

आमच्या तालुक्याच्या गावात दर हिवाळ्यात खुली बुद्धिबळ स्पर्धा होते. एका रविवारी सात फेऱ्या, पंधरा-पंधरा मिनिटांचे डाव, संध्याकाळी करंडक आणि फोटो. त्या दिवशी पहिला येईल तो वर्षभर ‘तालुक्याचा विजेता’. एकदा सलग दोन वर्षं जिंकलेल्या विजेत्याला बारावीतल्या एका मुलीने सरळ विचारलं, “काका, एका दिवसात काय कळतं? माझ्याशी सहा डाव खेळा, सावकाश.” काका रेल्वेत नोकरीला, स्वभावाने दिलदार. लगेच हो म्हणाले. अशी आमची पहिली किताबी लढत ठरली.

सहा डाव फार छान झाले. निकाल लागला ३-३.

पुढे काय करायचं, ते कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं. काकांच्या बाजूचे म्हणाले, बरोबरी झाली तर किताब विजेत्याकडेच राहतो, जगात हीच रीत आहे. मुलीचे वडील म्हणाले, आता जलद डाव खेळवा, जगात हीच रीत आहे. खरं तर दोघंही बरोबर होते. १९५१ साली बोटविनिक आणि ब्रॉनस्टीन यांची लढत १२-१२ अशी सुटली आणि जगज्जेतेपद बोटविनिककडेच राहिलं. २०१२ साली मॉस्कोत आनंद आणि गेल्फंड ६-६ वर थांबले, तेव्हा जलद डाव खेळवले गेले आणि आनंद २.५-१.५ असा जिंकला. दोन्ही ठिकाणी नियम आधी ठरलेला होता. आमच्याकडे नव्हता. रात्री अकरापर्यंत वाद चालला आणि निकाल न लागताच सगळे घरी गेले. पुढच्या वर्षी ती मुलगी स्पर्धेला आलीच नाही. संयोजक मी होतो, त्यामुळे ही बोच माझ्याजवळ राहिली आहे.

त्यानंतर आम्ही आणखी दोन लढती भरवल्या. एकीतही भांडण झालं नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार यांपैकी कुठल्याही जिल्ह्यात कुणाला अशी लढत भरवायची असेल, तर आम्ही ती कशी उभी केली ते इथे क्रमाने सांगतो. किताब पटावरच ठरायला हवा, आणि त्यासाठी बाकीचं सगळं पहिल्या चालीच्या आधी कागदावर यायला हवं. पुढचा सगळा खटाटोप तेवढ्यासाठीच आहे.

आव्हानवीर कोण?

विजेत्याने आपला प्रतिस्पर्धी स्वतः निवडायचा नाही. जगात बरीच वर्षं तसंच चालत असे. कापाब्लांका जगज्जेता असताना १९२२ मध्ये ठरलेल्या ‘लंडन नियमां’नुसार आव्हान देणाऱ्याला १०,००० डॉलरची थैली उभी करावी लागे. ज्याच्याकडे पैसा उभा करायची ताकद नाही, त्याने कितीही चांगलं खेळून उपयोग नसे. १९४६ मध्ये अलेखिन जगज्जेता असतानाच वारला, १९४८ मध्ये जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, सूत्रं हाती घेतली, आणि मग आव्हानवीर निवडायची रीतसर पद्धत आली.

आता त्यासाठी कँडिडेट्स स्पर्धा असते. आठ खेळाडू, प्रत्येकाशी दोनदा गाठ, एकूण १४ फेऱ्या. २०२४ मध्ये टोरंटोत गुकेश ९ गुण मिळवून जिंकला आणि आव्हानवीर झाला. गावपातळीवर आठ जण जमवणं जड जातं. आम्ही खुल्या स्पर्धेतले पहिले सहा घेतो आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी दोनदा गाठ घालतो, एकदा पांढऱ्या सोंगट्या, एकदा काळ्या. दहा फेऱ्या होतात. २५ मिनिटं आणि चालीमागे १० सेकंद असा वेळ दिला की दोन रविवारांत काम उरकतं. विजेता यात खेळत नाही. त्याला यायचंच असेल तर प्रेक्षक म्हणून यावं.

इथेही गुण सारखे झाले तर काय, हे आधी लिहा. २०१३ च्या लंडनच्या कँडिडेट्समध्ये कार्लसन आणि क्रामनिक दोघांचे ८.५ गुण झाले होते. जास्त डाव जिंकलेल्याला झुकतं माप, हा नियम आधीपासून कागदावर होता म्हणून कार्लसन पुढे गेला, आणि तिथून चेन्नईत येऊन आनंदला ६.५-३.५ हरवून जगज्जेता झाला. आम्ही आधी आपसातल्या दोन डावांचा निकाल बघतो, मग जिंकलेल्या डावांची संख्या, आणि तरीही सारखे राहिले तर दोघांत दोन जलद डाव.

करारनामा

पानभर कागद पुरतो. दोन्ही खेळाडू, पंच आणि संयोजक अशा चौघांच्या सह्या. मजकूर मराठीत, साध्या भाषेत. या पानावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. आम्ही एक आख्खी संध्याकाळ देतो आणि प्रत्येक कलम दोघांसमोर मोठ्याने वाचतो.

पहिलं कलम डावांच्या संख्येचं. संख्या सम हवी, म्हणजे पांढऱ्या सोंगट्या दोघांना सारख्याच वेळा मिळतात. ‘अमुक इतके डाव जिंकेल तो विजेता’ अशी मोकळी अट चुकूनही घालू नका. १९२७ मध्ये ब्यूनस आयर्सला सहा विजयांची अट होती, तेव्हा अलेखिनला कापाब्लांकाला हरवायला ३४ डाव लागले, त्यातले २५ बरोबरीत सुटले. १९८४ मध्ये कार्पोव आणि कास्पारोव यांच्यात हीच अट होती. पाच महिने, ४८ डाव, ४० बरोबऱ्या, कार्पोव ५-३ ने पुढे, आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये लढत निकालाविना थांबवावी लागली. आज जगज्जेतेपदासाठी १४ डाव असतात. आमच्या अनुभवाने गावासाठी आठ बरे. सहात एक डाव हरला की सावरायला जागाच उरत नाही, आणि दहा म्हटलं की नोकरीधंदा करणारा माणूस मागे हटतो. कुणाचे साडेचार गुण झाले की लढत तिथेच संपते, हेही लिहा.

दुसरं कलम वेळेचं. २०२४ मध्ये सिंगापूरला झालेल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत विजेता डिंग आणि आव्हानवीर गुकेश यांना पहिल्या ४० चालींसाठी १२० मिनिटं होती, पुढच्या डावासाठी ३० मिनिटं, आणि ४१ व्या चालीपासून दर चालीला ३० सेकंदांची भर. गावात एवढा वेळ देता येत नाही. ६० मिनिटं आणि पहिल्या चालीपासूनच दर चालीला ३० सेकंद, हे माप ठेवा. ६० चालींचा डाव धरला तर प्रत्येकाला ९० मिनिटं मिळतात आणि तीन तासांत डाव संपतो. ३० सेकंदांची भर असल्यामुळे शेवटपर्यंत चाली लिहाव्याच लागतात, हा त्याचा मोठा फायदा. वाद झाला की चालींचा कागद हाताशी असतो.

तिसरं, मधल्यामधे बरोबरी. दोघांनी बाराव्या चालीला हात मिळवला की बघायला आलेल्या पोरांचा हिरमोड होतो. सिंगापूरला काळ्याची ४० वी चाल होईपर्यंत आपसात बरोबरी करायला बंदी होती. आम्ही ३० ठेवतो. तीच स्थिती तीनदा आली किंवा कोंडी झाली, म्हणजे शह नसताना एकही चाल उरली नाही, तर त्या बरोबरीला अर्थातच ही अट लागू नाही.

चौथं, ४-४ झाल्यास. आमच्या पहिल्या लढतीचा घोळ इथेच झाला होता. विजेत्याला बरोबरीचा फायदा द्यावा की नाही, यावर माझं मत पक्कं आहे: देऊ नये. १९८७ मध्ये सेव्हियाला कास्पारोवने शेवटचा, २४ वा डाव जिंकून १२-१२ केलं आणि मुकुट राखला. २००४ मध्ये ब्रिसागोला क्रामनिकनेही लेकोविरुद्ध शेवटचा डाव जिंकून ७-७ केलं. दोन्ही लढती रोमांचक होत्या यात शंका नाही. पण आव्हानवीराला त्यात अर्धा गुण जास्त मिळवावा लागतो, आणि गावातल्या पोराने कँडिडेट्सची एवढी चढण चढून आल्यावर त्याच्या डोक्यावर हे ओझं का ठेवायचं? २०१८ मध्ये लंडनला कार्लसन आणि कारुआना यांचे बाराच्या बारा डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांत ३-० असा लागला. आमच्याकडे आठव्या डावानंतर एक दिवस सोडून १५ मिनिटं अधिक १० सेकंदांचे दोन डाव, मग ३ मिनिटं अधिक २ सेकंदांचे दोन, आणि मग त्याच वेळेचा एकेक डाव, कुणीतरी जिंकेपर्यंत. रंग दरवेळी चिठ्ठी टाकून.

पाचवं, उशीर आणि रजा. अर्ध्या तासापेक्षा जास्त उशीर झाला की डाव गेला. प्रत्येकाला पूर्ण लढतीत एकदा डाव पुढे ढकलता येतो, मात्र आदल्या रात्री आठच्या आत कळवून. घरात मयत झाली किंवा दवाखान्यात जावं लागलं, तर ही मर्यादा नाही. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं बंद पडली तेव्हा आनंद फ्रँकफर्टहून मोटारीने सोफियाला पोहोचला. त्याने तीन दिवसांची मुदत मागितली होती, मिळाला एक. पहिला डाव हरूनही ती लढत त्याने ६.५-५.५ अशी जिंकली. जगज्जेत्यालाही अडचण येते. मग भुसावळच्या यार्डात रात्रपाळी करणाऱ्या माणसाला येणार नाही का?

सहावं, परतफेडीची लढत. १९५७ आणि १९६० मध्ये हरलेल्या बोटविनिकला नियमाने लगेच पुन्हा खेळायची संधी मिळाली आणि १९५८ व १९६१ मध्ये त्याने मुकुट परत घेतला. आम्ही हे ठेवत नाही. हरलेला विजेता पुढच्या वर्षी कँडिडेट्समध्ये इतरांसारखाच खेळतो.

तारखा

खान्देशात एप्रिल-मे मध्ये असा विचारही करू नका. पारा ४५ च्या आसपास गेला की दुपारी पंख्यातून गरम वारा येतो, तीन तास डोकं चालवणं अशक्य होतं. दिवाळीनंतर लगेच कापूस वेचणीची गडबड असते, शेतकरी घरातला खेळाडू मोकळा नसतो. आमचा ठरलेला काळ डिसेंबरचा दुसरा आठवडा ते जानेवारीचा पहिला. चार शनिवार-रविवार, दिवसाला एकच डाव. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा असते, त्याआधी मुलं मोकळी झाली पाहिजेत. लग्नाच्या तिथी दोघांच्या घरी विचारून घ्या, नाहीतर ऐन पाचव्या डावाला चुलत भावाची हळद निघते.

डाव सकाळी दहाला सुरू करा. भरिताचे दिवस असतात, हे विसरू नका. दुपारी बारीक कापलेल्या कांद्याच्या पातीसोबत वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी पोटभर खाल्ल्यावर कुणीही घोड्याची चाल नीट मोजू शकत नाही. आमच्याकडे डाव संपल्यावर सगळे एकत्र जेवतात, विजेता आणि आव्हानवीरसुद्धा. त्या पंगतीत डावावर जी चर्चा होते, तेवढी पोरांना वर्षभरात कुठे शिकायला मिळत नाही.

खोली, टेबल, उजेड

वाचनालयाची वरची खोली, शाळेचा वर्ग, मंगल कार्यालयाची आतली खोली, काहीही चालतं. पाहायचं ते आवाज आणि उजेड. रस्त्यावर उघडणारी खिडकी नको. कागद उडणार नाही अशा जागी टेबल ठेवा, पंखा थेट पटावर नको. वीज गेली तर घड्याळं बॅटरीवर चालतात, पण उजेड जातो. इन्व्हर्टरवरचा एक दिवा पटाच्या वर लावूनच ठेवा. अंधार झाला तर पंचाने दोन्ही घड्याळं थांबवायची, हेही करारात एक ओळ लिहून टाका.

पट आणि सोंगट्या नीट मापाच्या घ्या. घराची बाजू ५ ते ६ सेंटिमीटर, राजाची उंची साधारण ९.५ सेंटिमीटर, टेबल ७४ सेंटिमीटर उंच. दोन्ही खुर्च्या सारख्या. हे बारीक वाटतं, पण एकाला गादीची आणि दुसऱ्याला लाकडी खुर्ची दिली तर तिसऱ्या डावापासून कुरबुर सुरू होते.

स्वच्छतागृहाचं आधी ठरवा. २००६ मध्ये एलिस्ताला क्रामनिक वारंवार स्वच्छतागृहात जातो म्हणून टोपालोवच्या बाजूने तक्रार केली, तक्रारी ऐकणाऱ्या समितीने खेळाडूंची स्वतंत्र स्वच्छतागृहं बंद केली, क्रामनिक पाचव्या डावाला बसला नाही आणि तो डाव टोपालोवला मिळाला. पुढे क्रामनिक जलद डावांत जिंकला, पण लढतीला डाग लागला तो लागलाच. आमच्याकडे दोघांना एकच स्वच्छतागृह, डावाआधी पंच आत जाऊन बघून येतो, आणि जाताना पंचाला सांगून जायचं.

चहा-पाण्याचंही तसंच. १९७८ मध्ये बागिओला कार्पोवला खेळताना दही पाठवलं, त्यावरून कोर्चनॉयच्या बाजूने हरकत घेतली की दह्याच्या प्रकारातून किंवा वेळेतून इशारा जाऊ शकतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण मुद्दा योग्य आहे: बाहेरून खेळाडूकडे येणारी प्रत्येक गोष्ट पंचाच्या हातून यावी. आमच्याकडे पाण्याच्या दोन बाटल्या आधीच टेबलावर असतात, आणि साडेअकराला पंच स्वतः चहा आणून ठेवतो.

मोबाईल खोलीबाहेर, डब्यात, बंद करून. खेळाडूंचे, पंचाचे, प्रेक्षकांचे, सगळ्यांचे. प्रेक्षक दहा-बारा, भिंतीला लागून बसलेले. बाकीच्यांसाठी शेजारच्या खोलीत भिंतीवर मोठा पट टांगा, तिथे कुणीतरी जाणकार चाली समजावून सांगेल. व्हॉट्सॲप गटावर चाली टाकायच्या तर पंधरा मिनिटं उशिराने. व्हिडिओ करायचा असेल तर कॅमेरा आदल्या दिवशी लावून दोघांना दाखवा. १९७२ मध्ये रेक्याविकला फिशरने कॅमेऱ्यांवरून दुसरा डाव सोडला होता, आणि तिसरा डाव मागच्या छोट्या खोलीत खेळवावा लागला. ०-२ ने मागे पडून तो १२.५-८.५ असा जिंकला ते वेगळं.

घड्याळ लावणं

हे काम पहिल्या डावाच्या सकाळी करू नका. डिजिटल घड्याळ आदल्या रात्री घरी घेऊन बसा. ६० मिनिटं आणि पहिल्या चालीपासून ३० सेकंद अशी भर लावा. लावून झालं की घड्याळाच्या दोन्ही बाजूंना ६०:३० दिसलं पाहिजे, कारण बहुतेक घड्याळं पहिल्या चालीची भर आधीच दाखवतात. ६०:०० दिसत असेल तर दहा चाली खोट्याच दाबून बघा, दर दाबण्याला अर्धा मिनिट वाढतो की नाही. मग दोन्ही बाजूंचे आकडे हाताने बदलायला शिका. चुकीच्या चालीला प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं द्यावी लागतात, आणि ऐन डावात पंच घड्याळाशी झटापट करत बसला तर दोघांचीही तंद्री मोडते. त्याच मापाचं दुसरं घड्याळ लावून कपाटात ठेवा. घड्याळ काळ्याच्या उजव्या हाताला ठेवायची आमची प्रथा आहे, आणि पंचाची खुर्ची त्याच बाजूला.

पंच

गावातला सगळ्यात चांगला खेळाडू पंच म्हणून बसवायचा मोह होतो. नको. नियम माहीत असलेला, दोघांशी सारखं नातं असलेला आणि गप्प बसू शकणारा माणूस हवा. जिल्ह्यात पंच परीक्षा दिलेले लोक असतात, त्यांच्यापैकी कुणाला गाडीभाडं आणि मानधन देऊन बोलवा. एवढा खर्च परवडत नसेल तरच गावातला.

पंचाला चार गोष्टी झोपेतसुद्धा आल्या पाहिजेत. सोंगटीला हात लावला तर तीच हलवायची. नुसती नीट ठेवायची असेल तर हात लावायच्या आधी “नीट करतो” म्हणायचं, नंतर नाही. नियमबाह्य चाल करून घड्याळ दाबलं की पहिल्या वेळी समोरच्याला दोन मिनिटं, दुसऱ्या वेळी डाव गेला. बरोबरी मागायची तर आधी चाल, मग शब्द, मग घड्याळ. आणि तिसऱ्यांदा तीच स्थिती येणार असल्याचा दावा करायचा तर चाल पटावर करायची नाही. कागदावर लिहायची, घड्याळ थांबवायचं, पंचाला बोलवायचं. पटावर चाल करून मग दावा करणारे निम्मे खेळाडू मी पाहिलेत, आणि तो दावा ग्राह्य धरता येत नाही. करारनामा वाचायच्या संध्याकाळी हे सगळं दोघांना सोंगट्या मांडून दाखवा.

रंगांची चिठ्ठी

पहिल्या डावाच्या आदल्या संध्याकाळी, गावासमोर. दोन्ही मुठीत प्यादी लपवायची जुनी पद्धतच सगळ्यांना आवडते. पुढे रंग आळीपाळीने. फक्त एक काळजी: शनिवारी एकाला आणि रविवारी दुसऱ्याला पांढऱ्या, असं चारही आठवडे चाललं तर एकाला कायम दुसऱ्या दिवशी, थकलेल्या डोक्याने काळ्या सोंगट्या खेळाव्या लागतात. म्हणून मध्यावर क्रम उलटा करा. चौथ्या आणि पाचव्या डावात एकाच खेळाडूला पांढऱ्या येतात. २०१३ ला चेन्नईत आणि २०१४ ला सोचीत असाच क्रम होता. सिंगापूरला साधी आळीपाळी होती. पहिल्या डावात पांढऱ्या गुकेशकडे होत्या, चौदाव्यात डिंगकडे.

खेळाडूंनी काय करावं

आठ डाव एकाच माणसाशी खेळायचे म्हणजे त्याच्या घरी राहायला गेल्यासारखं आहे. त्याच्या सवयी कळतात. आपल्याही त्याला कळतात. म्हणून दोन महिने आधी एक मदतनीस धरा, गावातलाच एखादा चांगला खेळाडू, आणि प्रतिस्पर्ध्याचे मिळतील तेवढे डाव घेऊन बसा. २००० मध्ये लंडनला क्रामनिकने कास्पारोवच्या राजाच्या प्याद्यासमोर बर्लिन बचाव नावाची काळ्याची भक्कम सुरुवात मांडली, वजिरांची लगेच अदलाबदल झाली, आणि कास्पारोवला जे तुफान आक्रमण हवं होतं ते मिळालंच नाही. कास्पारोव एकही डाव न जिंकता ८.५-६.५ असा हरला. प्रतिस्पर्ध्याला जिथे खेळायला आवडत नाही, तिथे त्याला नेणं, एवढाच धडा त्यातून घ्या. काळ्यासाठी एक भक्कम सुरुवात आणि पांढऱ्यासाठी दोन, एवढं पक्कं केलं तरी गावपातळीवर पुरेसं आहे. पंधरा सुरुवाती वरवर पाठ करण्याने काही होत नाही.

हरलेल्या डावाच्या रात्री तो डाव संगणकावर लावू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं असतं. झोपा.

आणि शेवटच्या तासात जपा. २०१४ मध्ये सोचीला सहाव्या डावात कार्लसनने राजा चुकीच्या घरात नेला, आणि आनंदने ती संधी न बघता दुसरीच चाल केली. सिंगापूरच्या चौदाव्या डावात एका प्याद्याने मागे असलेला डिंग बरोबरी टिकवून होता. ५५ व्या चालीत त्याने हत्ती मागे घेतला आणि हत्तींची अदलाबदल देऊ केली. त्याचा उंट कोपऱ्यातल्या घरात होता. हत्ती गेल्यावर गुकेशने आपला उंट त्याच्यासमोर आणून उभा केला, आता तीही अदलाबदल टळणार नव्हती, आणि मागे उरलेला नुसत्या प्याद्यांचा डाव काळ्याचा जिंकलेला होता. गुकेश १८ वर्षांचा, सगळ्यात लहान निर्विवाद जगज्जेता झाला. हा शेवट पटावर मांडून दोन्ही खेळाडूंना लढतीआधी दाखवा. मी दरवेळी दाखवतो.

आठवा डाव

गेल्या लढतीत आठव्या डावाआधी गुण ३.५-३.५ होते. आव्हानवीर शहाद्याकडून येऊन आमच्या गावात कृषी केंद्रात काम करणारा पोरगा, विजेता तेच रेल्वेतले काका, मधली दोन वर्षं किताब पुन्हा त्यांच्याकडे आलेला. ४४ वी चाल. पोराच्या घड्याळात एक मिनिट दहा सेकंद, काकांच्या चार मिनिटं. पोराने हात हत्तीकडे नेला. बोटाचं टोक हत्तीच्या माथ्याला लागलं, आणि त्याच क्षणी त्याला दिसलं की हत्ती हलला तर उंट उघडा पडतो. हात तिथेच थांबला. काका चालीच्या कागदावर खाली बघत होते, त्यांना दिसलंच नव्हतं. पंचाला दिसलं होतं, पण पंच बोलायच्या आधीच पोरगा हळूच म्हणाला, “लागला हात, भो काका.” आणि त्याने हत्ती उचलून बाजूच्या घरात ठेवला, घड्याळ दाबलं, चाल लिहिली.

काकांनी उंट घेतला. अजून सतरा चाली डाव चालला. पोराने राजा आडवा केला तेव्हा खोलीत दहा माणसं होती आणि कुणी टाळी वाजवली नाही, काका आधी उठून त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले तेव्हा वाजवली. निकालाच्या कागदावर ४.५-३.५ लिहून दोघांच्या सह्या झाल्या. पंचाने त्याखाली वेळ टाकली, एक वाजून वीस मिनिटं. खाली भरिताची पंगत मांडून तयार होती.